केगमधला गॅस जातो कुठे?

घरच्या फ्रिजला नळ बसवून केगमधली, म्हणजे दाबाखालच्या धातूच्या पिंपातली, बिअर ओढणाऱ्या वाचकांच्या पत्रांत एक तक्रार हमखास असते: सिलेंडर भरून आणला, बिअर अजून शिल्लक आहे आणि गॅस मात्र संपला. यावेळचं सदर त्याच पत्रांना दिलं आहे. बहुतेक पत्रं अमेरिकेतली आहेत, म्हणून मापंही तिथलीच, पौंड, इंच आणि पीएसआयमध्ये (दर चौरस इंचावर किती पौंड दाब) ठेवली आहेत; तापमानाचे अंश सगळे फॅरनहाइटचे. कार्बन डायऑक्साइडला पुढे नुसता ‘गॅस’ म्हटलं आहे.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : पाच पौंडांचा एक सिलेंडर आणि पाच-पाच गॅलनचे दोन बॉल-लॉक केग. तीन आठवड्यांत सिलेंडर रिकामा झाला. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं, एकही बुडबुडा आला नाही. रेग्युलेटर बदलावा का?

उत्तर : रेग्युलेटरला, म्हणजे सिलेंडरचा दाब कमी करून पुढे सोडणाऱ्या भागाला, इतक्यात हात लावू नका. आधी हिशेब करू. गळती केवढी आहे हे कळलं, की ती शोधायची कशी हेही ठरतं.

पाच गॅलन, म्हणजे १९ लिटर, आंबून तयार झालेल्या बिअरमध्ये नेहमीइतका गॅस मुरवायला साधारण ६० ग्रॅम लागतात. तीच बिअर १२ पीएसआयच्या दाबाने नळातून बाहेर ढकलायला आणखी ६५ ग्रॅम. केग भरण्याआधी त्यातली हवा घालवण्यात थोडा जातो. सगळं मिळून एका केगला दीडशे ग्रॅम धरा, सढळ हात असेल तर दोनशे. पाच पौंड म्हणजे २,२६८ ग्रॅम, तेव्हा एका सिलेंडरवर दहा-बारा केग निघायला हवेत. तुमचे दोनच निघाले. म्हणजे जवळजवळ १,९०० ग्रॅम गॅस तीन आठवड्यांत हवेत गेला: तासाला पावणेचार ग्रॅम, मिनिटाला ३५ मिलिलिटर. पाच मिलिमीटर व्यासाचे बुडबुडे मोजले तर सेकंदाला आठ-नऊ. एवढी मोठी गळती साबणाच्या पाण्यातून सुटत नाही. पाणी तरी चुकीच्या जागी लागलं, नाहीतर चुकीच्या वेळी.

चुकीची वेळ कोणती, ते आधी सांगतो. बरेच जण सगळी जोडणी बाहेर टेबलावर करतात, साबण लावून खात्री करतात आणि मग ती फ्रिजमध्ये सरकवतात. व्हिनाइलची नळी थंडीत कडक होते आणि किंचित आकसते. बाहेर घट्ट वाटलेला क्लॅम्प ३८ अंश फॅरनहाइटला सैल पडतो. तेव्हा तपासणी थंडगार अवस्थेतच करायची. दुसरं म्हणजे डिस्कनेक्ट, म्हणजे केगच्या पोस्टवर (गॅस आत आणि बिअर बाहेर जाण्याच्या तोंडावर) खटकन बसणारी, नळीच्या टोकाची प्लास्टिकची टोपी. ती सरळ असताना गळत नाही, पण फ्रिजचं दार लावताना नळी दाबली गेली की टोपी एका अंगाला ओढली जाते आणि पोस्टची ओ-रिंग (गोल रबरी रिंग) दुसऱ्या अंगाने उघडी पडते. दार उघडून साबण लावलात की नळी मोकळी होते आणि गळती थांबते. म्हणून साबण लावल्यावर प्रत्येक डिस्कनेक्ट हाताने चारी बाजूंना हलवून पाहा.

आता शोधण्याची रीत. साबण शेवटी, त्याआधी वजन आणि विभागणी.

सिलेंडरच्या खांद्यावर ‘टीडब्ल्यू’ अक्षरांपुढे रिकाम्या सिलेंडरचं वजन कोरलेलं असतं. पाच पौंडी ॲल्युमिनियमच्या सिलेंडरचं ते बहुधा साडेसात-आठ पौंड भरतं. भारतात जाताना बॅगा तोलायला घेतलेला लटकता वजनकाटा घरात असेलच, तोच वापरा. रेग्युलेटर लावलेल्या अवस्थेतच तोला, कारण आपल्याला फक्त फरक हवा आहे. वजन तारखेसह लिहून ठेवा. तुमची गळती दिवसाला ९० ग्रॅमची, म्हणजे ०.२ पौंडांची आहे. साध्या काट्यावरही ती दोन दिवसांत दिसेल.

मग जोडणीचे तीन भाग करा.

पहिला भाग सिलेंडर आणि रेग्युलेटर. रेग्युलेटरखालची छोटी बंद-चालू तोटी बंद करा, सिलेंडर उघडा, काटे स्थिर झाले की सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. आता रेग्युलेटरच्या जास्त दाबाच्या बाजूला चिमूटभर गॅस कोंडला आहे, त्यामुळे बारीक गळतीनेही तिथला काटा भराभर उतरतो. दोन्ही गेजचे फोटो काढा आणि तासाभराने पुन्हा पाहा. काटा उतरला असेल तर दोष सिलेंडरच्या तोंडावरच्या वॉशरमध्ये, गेजच्या आट्यांमध्ये किंवा रेग्युलेटरमध्ये आहे.

दुसरा भाग नळ्या. केगवरून डिस्कनेक्ट काढून ठेवा. सुटे असताना ते आपोआप बंद असतात. रेग्युलेटर ३० पीएसआयवर लावा, तोटी उघडा, गॅस नळ्यांत भरू द्या, मग सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि रात्रभर सोडा. सकाळी काटे जागेवर असतील तर नळ्या, क्लॅम्प आणि मॅनिफोल्ड (एका नळीचे अनेक फाटे करणारा जोड) निर्दोष.

तिसरा भाग केग, आणि निम्मे लोक फसतात ते इथे. ताज्या बिअरचा केग जोडून, सिलेंडर बंद करून काटा पाहत बसलं, तर तो उतरणारच, कारण बिअर गॅस पिते. ती गळती नव्हे. केगची परीक्षा रिकाम्या केगवर घ्या: ३० पीएसआय भरा, नळी काढा, एक दिवस ठेवा, दुसऱ्या दिवशी दाब मोजा. यासाठी डिस्कनेक्टवर बसवलेलं छोटं गेज मिळतं. ते घेऊन ठेवावं असं आमचं मत आहे. एक बारकावा: ७० अंशांच्या खोलीत ३० पीएसआय भरलेला केग ३८ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवला, तर एक थेंबही गॅस न जाता तो २७ पीएसआयच्या थोडा वर येऊन थांबतो. गॅस थंड झाला, एवढंच.

कुठला भाग गळतो हे कळलं, की साबण फक्त तिथे. कपभर पाण्यात दोन चमचे भांड्यांचं लिक्विड, हळू ढवळून. स्प्रेने मारू नका. स्प्रे स्वतःच फेस करतो आणि त्यात खरा बुडबुडा लपतो. लहान ब्रशने लावा आणि पाच मिनिटं थांबा. मोठी गळती लगेच फुगे काढते, बारीक गळती हळूहळू पांढरा दाट फेस जमवते. लोक तीस सेकंदांत पुढच्या जोडाकडे वळतात, म्हणून ती राहून जाते. निर्जंतुकीकरणासाठी स्टार सॅन बनवून ठेवलं असेल तर तेही उत्तम चालतं. अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावण मात्र नको. अमोनियाने ताणाखालच्या पितळेला तडे जातात आणि तुमच्या बहुतेक फिटिंग पितळेच्या आहेत. काम झालं की साबण धुऊन, पुसून काढा.

ब्रश कुठे फिरवायचा? सिलेंडरच्या व्हॉल्व्हचा दांडा, त्याखालचा मोठा नट, दोन्ही गेजचे आटे, रेग्युलेटरच्या टोपीवरचं बारीक छिद्र (तिथे फेस आला तर आतला पडदा फाटला आहे), दाबमुक्तीचा व्हॉल्व्ह, तोटीचा दांडा, प्रत्येक क्लॅम्प, फिरत्या फ्लेअर नटाची मागची बाजू, डिस्कनेक्टच्या माथ्यावरचा स्क्रू, पोस्टचं बूड, झाकणाची कड आणि झाकणावरची रिंग ओढायची झडप. फिरता नट आणि डिस्कनेक्टचा माथा या दोन जागा जवळजवळ कुणीच पाहत नाही.

तुमच्या वर्णनावरून आमचा संशय झाकणावर आहे. पुढचं पत्र वाचा.

प्रश्न (शिकागो) : जुने, वापरलेले सोड्याचे केग स्वस्तात मिळाले. झाकण ३० पीएसआयला घट्ट बसतं, पण दाब १० वर आणला की काही दिवसांत गळू लागतं. झाकणाची रिंग नवी आहे.

उत्तर : या केगचं झाकण लंबगोल असतं आणि ते आतून वर दाबलं जातं. त्याला घट्ट धरतो तो केगमधला दाब. वरची तारेची कडी फक्त सुरुवातीला आधार देते. म्हणून कमी दाबावर गळणं आणि जास्त दाबावर न गळणं हा या केगचा स्वभावच आहे. त्यावर उपाय सोपे आहेत, क्रमाने करून पाहा.

रिंगला अन्नासाठी चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा, चकाकी येईल इतकंच. झाकण बसवून कडी लावा, ३० पीएसआय सोडा, पाच मिनिटं राहू द्या, मग दाब सोडून हवा तेवढा ठेवा. तरी गळत असेल तर झाकण काढून अर्धा फेरा उलटं बसवा. झाकण आणि तोंड दोन्ही जराजरा वाकलेले असतात आणि एका दिशेने ते जास्त जुळतात. जुळलेली दिशा मार्करने खूण करून ठेवा, झाकणांची अदलाबदलही करू नका. तेवढ्यानेही नाही भागलं तर जाड आणि मऊ प्रकारची रिंग मिळते, ती घ्या. नेहमीच्या टणक रिंगपेक्षा ती पोचे आलेल्या तोंडावर बरी बसते. कडीच्या पायांची रबरी बुटं झिजली असतील तर कडीचा जोर कमी पडतो. बुटाखाली पातळ रबराचा तुकडा सरकवला तरी काम होतं. केगच्या तोंडाच्या कडेवरून बोट फिरवा. नखाला खाच लागली तर ती बारीक पॉलिश कागदाने गुळगुळीत करता येते, पण मोठा पोचा असेल तर तो केग सरळ बाजूला ठेवा. स्वस्त केगवर दर महिन्याला सिलेंडर वाया घालवण्यात अर्थ नाही.

जुना केग घरात आला की पाचही रिंगा एकदम बदलाव्यात: झाकणाची एक, दोन पोस्टच्या बाहेरच्या दोन आणि आतल्या नळ्यांच्या दोन. जुन्या रिंगांना सोड्याच्या सरबताचा वासही असतो, तो बिअरला लागतो. पोस्ट उघडण्याआधी झडपेची रिंग ओढून सगळा दाब सोडा, फुस्स आवाज पूर्ण थांबेपर्यंत. दाबाखालचा पोस्ट पान्याने उघडला तर तो गोळीसारखा उडतो. गॅसच्या पोस्टच्या बुडाशी बारीक खाचा असतात, बिअरच्या पोस्टला नसतात. उलटसुलट लावले तर डिस्कनेक्ट अडकून बसतो आणि मग जो हिसका दिला जातो त्यात रिंग कापली जाते.

अजूनही जागा सापडत नसेल तर रिकामा केग ३० पीएसआयला भरून, उलटा करून, त्याचं डोकं बादलीभर पाण्यात बुडवा. झाकण, पोस्ट आणि झडप तिन्ही एकाच वेळी दिसतात.

प्रश्न (ह्यूस्टन) : शुक्रवारी सिलेंडर भरून आणला, गेजवर ८०० च्या वर दाब होता. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला, सकाळी ५४०. भरून देणाऱ्याने फसवलं की गळती आहे?

उत्तर : दोन्ही नाही. सिलेंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि द्रव आहे तोवर वरचा दाब फक्त तापमानावर ठरतो: ७० अंशांना सुमारे ८४०, ३८ अंशांना सुमारे ५४० पीएसआय. सिलेंडर गच्च भरलेला असो वा पाव, काटा तिथेच. म्हणजे हे गेज गॅस किती उरला ते सांगत नाहीच. काटा ५४० च्या खाली उतरायला लागला की समजावं, द्रव संपला. त्यावेळी पाच पौंडी सिलेंडरमध्ये साधारण पाऊण पौंड गॅस उरलेला असतो, दोन केगांपुरता. एरवी विश्वास वजनकाट्यावरच ठेवावा. भरून आणल्यावर दुकानातच तोलून घ्या, म्हणजे कमी भरल्याची शंकाही मिटते.

तुमच्या गावच्या उन्हाळ्याबद्दल एक सूचना. भरलेला सिलेंडर बंद गाडीत ठेवू नका. ८८ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहूच शकत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. सिलेंडर जास्त भरला गेला असेल तर व्हॉल्व्हवरची सुरक्षा-चकती फुटते आणि सगळा गॅस एकदम बाहेर पडतो. चकतीने तिचं काम केलेलं असतं, पण आपण त्यावेळी गाडीत नसावं.

प्रश्न (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया) : सगळ्या आट्यांना पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळली तरी सिलेंडरच्या नटाजवळ फेस येतो.

उत्तर : टेप काढा. सिलेंडरच्या तोंडाचा जोड, ज्याला तिकडे सीजीए-३२० म्हणतात, आट्यांवर बंद होत नाही. तो सपाट चेहऱ्यांमध्ये दाबलेल्या वॉशरवर बंद होतो. टेपने आटे जाड होतात, नट पूर्ण बसत नाही आणि वॉशर दबत नाही. फ्लेअरच्या जोडांनाही तेच लागू आहे. टेप फक्त निमुळत्या आट्यांवर, म्हणजे गेज आणि तोटी रेग्युलेटरच्या अंगात जिथे बसतात तिथे.

वॉशर एकच. काही रेग्युलेटरांच्या नळीत ओ-रिंग आधीच बसवलेली असते. त्यावर वेगळा फायबरचा वॉशर टाकला की दोन्ही नीट दबत नाहीत. फायबरचा वॉशर एकदा दबला की संपला, दर वेळी सिलेंडर बदलताना नवा टाकावा. नायलॉनचा काही वेळा चालतो. नट हाताने नाही, सव्वा इंचाच्या किंचित खालच्या, १ १/८ इंची पान्याने आवळायचा. आणि सिलेंडर उघडताना पूर्ण उघडा. अर्धवट उघड्या व्हॉल्व्हच्या दांड्याजवळून गॅस झिरपू शकतो.

प्रश्न (सिॲटल) : गॅस बाहेर कुठेही जात नाही, वजनही स्थिर आहे. पण नळाच्या पारदर्शक नळीत केगच्या तोंडापासूनच बुडबुड्यांची माळ दिसते आणि ग्लासात अर्धा फेस. दाब १२, तापमान ३८, नळी ३/१६ इंची आणि दहा फूट.

उत्तर : तुमचे आकडे बरोबर आहेत, म्हणून दोष मोजमापात नाही. ही आतली गळती आहे. बिअरच्या लांब नळीच्या गळ्याशी, पोस्टच्या आत एक लहान ओ-रिंग असते. ती चिरली किंवा बसवायची राहिली, तर केगच्या माथ्यावरचा गॅस तिथून थेट वर जाणाऱ्या बिअरमध्ये शिरतो. साबण लावून हे कधीच कळणार नाही, कारण बाहेर काहीच येत नाही. दाब सोडा, बिअरचा पोस्ट उघडा, नळी वर ओढा, रिंग बदला. रिंगेची किंमत काही सेंट. नळीच्या गळ्याला तडा आहे का तेही उजेडात पाहा.

बुडबुडे केगच्या तोंडाशी नसून नळाजवळ सुरू होत असतील तर गोष्ट वेगळी. मग वरचा टॉवर, म्हणजे नळ बसवलेला खांब, गरम आहे, गळती नाही.

प्रश्न (मेलबर्न) : क्लॅम्प नकोत म्हणून ढकलून बसवायच्या ड्युओटाइट फिटिंग आणि ८ मिलिमीटरची नळी घेतली. सहा जोडांपैकी दोन गळतात, कधी कधीच.

उत्तर : ‘कधी कधीच’ हा शब्द इथे महत्त्वाचा. नळी तिरकी कापली गेली आहे किंवा पूर्ण आत गेलेली नाही. कात्रीने कापू नका. कात्री नळी चेपते आणि टोक लंबगोल होतं. नळीकापणीचं यंत्र किंवा नवं ब्लेड घ्या, काटकोनात कापा. ढकलताना एक अडथळा लागतो, तो आतल्या ओ-रिंगेचा. तिथे थांबणारे बरेच. त्यापुढे जोर लावून टप्प्यापर्यंत जायला हवं. नळीवर आधी पेनाने खूण करा, म्हणजे किती आत गेली ते दिसतं. बसल्यावर एकदा मागे ओढा आणि कॉलरखाली कुलूप-क्लिप लावा. नळीला फिटिंगच्या तोंडाशीच वळण देऊ नका. पुन्हा पुन्हा काढघाल केलेल्या नळीच्या टोकावर दातांचे ओरखडे पडतात. तेवढा दोन सेंटिमीटरचा तुकडा कापून टाका आणि कोरं टोक बसवा.

क्लॅम्प वापरणाऱ्यांसाठी जाता जाता: स्क्रूने आवळायच्या क्लॅम्पला एका जागी पायरी असते, पातळ नळी तिथे दबत नाही आणि गॅस तिथूनच जातो. चिमट्याने दाबायचे पायरी नसलेले क्लॅम्प घ्या.

प्रश्न (डॅलस) : दाब १२ वर लावतो, दोन तासांनी १८, सकाळी फुस्स आवाज.

उत्तर : याला रेग्युलेटरचं सरकणं म्हणतात. आतल्या बसणीवर कचरा आहे किंवा ती झिजली आहे, म्हणून गॅस थोडा थोडा पुढे येत राहतो आणि शेवटी सुरक्षा-झडप तो बाहेर सोडते. खात्रीसाठी खालची तोटी बंद करा, १० पीएसआय लावा, तासभर पाहा. काटा चढत गेला तर निदान पक्कं. दुरुस्तीचा संच, म्हणजे पडदा, बसणी आणि स्प्रिंग, बहुतेक नावाजलेल्या रेग्युलेटरांना मिळतो. मात्र काटा चढण्याचं आणखी एक कारण आहे: केग अजून आंबत असेल किंवा गरम होत असेल तर दाब केगकडूनच मागे येतो. तोटी बंद ठेवून पाहायचं ते यासाठीच.

प्रश्न (टोरंटो) : सगळं सामान तळघरात आहे, मुलं तिथेच खेळतात. गळतीचा धोका किती? घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे, तो वाजेल ना?

उत्तर : वाजणार नाही. मोनॉक्साइडचा अलार्म डायऑक्साइड ओळखत नाही. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, त्यामुळे आपल्याला गळती नाकाने ओळखायची सवय आहे. या गॅसला तसा वास नाही. फार साठला तर नाकात सोड्यासारखी झिणझिण येते आणि तोवर उशीर झालेला असू शकतो.

मंद गळती खिशाला जड, जिवाला नाही. पहिल्या पत्रातली गळती तासाला दोन लिटरची होती; शांत बसलेला माणूस श्वासातून तासाला बारा लिटरच्या आसपास सोडतो. भीती आहे ती सगळा सिलेंडर एकदम मोकळा होण्याची. पाच पौंड म्हणजे सुमारे ४३ घनफूट गॅस. दहा बाय बारा फुटांच्या, आठ फूट उंच बंद खोलीत तो मिसळला तर हवेत साडेचार टक्के होतो. अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांसाठी मर्यादा आहे अर्धा टक्का, आणि चार टक्क्यांना जिवाला तात्काळ धोका मानतात. शिवाय हा गॅस हवेच्या दीडपट जड, म्हणजे तो जमिनीलगत, मुलांच्या उंचीला आधी साठतो. वीस पौंडी सिलेंडर दार लावलेल्या कोठीत ठेवणं आम्हाला मुळीच मान्य नाही.

तेव्हा सिलेंडर भिंतीला साखळीने उभा बांधा आणि डायऑक्साइड मोजणारा, इन्फ्रारेड सेन्सरचा अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीवर लावा. तळघरात उतरताना अलार्म वाजत असेल तर सिलेंडर बंद करायला धावू नका. दारं-खिडक्या उघडा, मुलांना वर घ्या.

या सेन्सरचा एक जोडउपयोग आहे. तो बंद फ्रिजमध्ये तासभर ठेवा. आकडा खोलीतल्यापेक्षा भराभर वर गेला तर गळती फ्रिजच्या आत आहे. आंबणारं भांडं मात्र त्या फ्रिजमध्ये नको.

प्रश्न (अटलांटा) : ब्रुअरीचा मोठा केग भाड्याने आणतो. कपलर (केगच्या तोंडावर बसवायचा जोड) लावला की खालून हलकी सुरसुर येते.

उत्तर : केगच्या तोंडाची रबरी कड कोरडी किंवा खरकटी असेल तर ओल्या फडक्याने पुसा. मग कपलरच्या तळची रिंग आणि मधल्या दांड्याची रिंग पाहा, ग्रीस लावा. अमेरिकी केगला बहुधा डी-प्रकारचा कपलर लागतो, युरोपातून आलेल्या अनेकांना एस-प्रकारचा. दोन्ही दिसायला जवळचे, पण एकमेकांच्या जागी नीट बंद होत नाहीत. गॅसच्या बाजूला रबराची चोचीसारखी एकमार्गी झडप असते. ती हरवली तर बिअर गॅसच्या नळीत चढते.

प्रश्न (पुणे) : अमेरिकेतून परतताना एक केग, डिस्कनेक्ट आणि रेग्युलेटर आणला. इथे घरी बिअर करून तो वापरता येईल का? निदान सोडा?

उत्तर : बिअरचं उत्तर नाही असं आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात प्रौढ व्यक्तीला स्वतःसाठी वर्षाला १०० गॅलनपर्यंत करता येते. महाराष्ट्रात मात्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे, आणि घर त्याला अपवाद नाही.

सोडा खुशाल करा. पाणी आधी फ्रिजमध्ये थंडगार करून घ्या, ३० ते ३५ पीएसआय लावा, दोन-तीन दिवस ठेवा किंवा केग आडवा करून हलवा. या दाबाला झाकण छान बसतं, पण नळीचे क्लॅम्प उघडे पडतात, तेव्हा साबण आधी तिथे लावा. सिलेंडर भरून घेताना खाद्य दर्जाचा गॅस मागा, वेल्डिंगचा नको.

तुमचा रेग्युलेटर इथल्या सिलेंडरला सरळ बसणार नाही, कारण भारतात व्हॉल्व्हचे आटे आयएस ३२२४ या मानकाप्रमाणे असतात. बाजारात जोडतुकडे मिळतात, पण त्यावर दोन जास्तीचे जोड आणि दोन जास्तीच्या गळत्या येतात, आणि तेही ८०० पीएसआयच्या बाजूला. सिलेंडरवरची चाचणीची तारीख पाहूनच तो घ्या. मुदत उलटलेला सिलेंडर भरायचा नाही, असा गॅस सिलेंडर नियम, २०१६ चा दंडक आहे. रेग्युलेटर गॅसवाल्याकडे व्हॉल्व्ह दाखवून इथलाच घ्या, कमी दाबाचं गेज ६० पीएसआयच्या आतलं बघा, नाहीतर वेल्डिंगच्या रेग्युलेटरवर १२ आणि १५ मधला फरक दिसतच नाही. त्यापुढची नळी, डिस्कनेक्ट आणि केग तुम्ही आणलेलेच चालतील.